शेल्टर नेहमी ‘फुल्ल’ का असतं?

गाडीचा धक्का लागलेलं कुत्रं रिक्षात घालून माणूस शेल्टरला फोन लावतो आणि पलीकडून उत्तर येतं, ‘जागा नाही’. पुढे कधीतरी तोच माणूस त्या शेल्टरमध्ये जातो, तर पाच-सहा पिंजरे रिकामे दिसतात. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो की देणग्या घेतात, बोर्ड लावतात आणि वेळ आली की हात वर करतात. हात वर करणारे आहेतच, नाही असं नाही. पण बऱ्याचदा फोनवर सांगितलेलंही खरं असतं आणि ते रिकामे पिंजरेही खरे असतात. हे कसं, ते कळायला शेल्टरचा हिशेब बघावा लागतो. हा हिशेब दिवसांत चालतो.

दिवसांचा गुणाकार

सूत्र शाळकरी आहे. रोज सरासरी किती जनावरं आत येतात, गुणिले प्रत्येक जनावर सरासरी किती दिवस राहतं. उत्तर येईल तितकी जनावरं कुठल्याही दिवशी आत असणार.

समजा, रोज चार येतात आणि सरासरी मुक्काम १५ दिवसांचा आहे. म्हणजे कायम ६० जनावरं आत. मुक्काम २५ दिवसांवर गेला की तीच संख्या १०० होते, आणि दारात येणारं एकही जनावर वाढलेलं नसतं. उलट मुक्काम दहावर आणला तर ४० पिंजऱ्यांत तेवढंच काम होतं. म्हणून नवी इमारत बांधण्याआधी अनुभवी माणूस विचारतो, सरासरी मुक्काम किती? बऱ्याच ठिकाणी हा आकडा कुणी काढलेलाच नसतो. रजिस्टरमध्ये आल्याची तारीख असते, गेल्याची असते, वजाबाकी कुणी करत नाही.

मुक्काम वाढतो कशानं? मोठ्या आजारांनी वाढतो तो वेगळा, पण निम्मी गळती बारीकसारीक गोष्टींत असते. टाके शुक्रवारी काढायचे होते, डॉक्टर आले नाहीत, सोमवारी बघू. एक्स-रे काढून झाला, पण रिपोर्ट बघणारं माणूस बुधवारी येतं. कुत्रं बरं होऊन बसलंय, पण सोडायला गाडीचा ड्रायव्हर नाही. असे तीन दिवस प्रत्येकाच्या मागे फुकट गेले, तर रोज चार येणाऱ्या ठिकाणी १२ जागा कायमच्या अडतात. कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण प्रत्येक पिंजऱ्यात जनावर दिसत असतंच.

यावर उपाय रोजच्या राउंडचा आहे. सकाळी एक जण वही घेऊन प्रत्येक पिंजऱ्यासमोर थांबतो आणि दोनच प्रश्न विचारतो: हे जनावर आज कशासाठी इथे आहे, आणि ते पुढे सरकायला काय अडलंय? ‘टाके सुकताहेत, १४ तारखेला काढायचे’ हे उत्तर चालतं. ‘असंच आहे’ हे उत्तर आलं की तिथे गळती सापडली.

हातांची मर्यादा

पिंजरे पैशांनी वाढवता येतात. हात तेवढ्या सहज वाढत नाहीत. शेल्टरच्या कामात एक जुना, सर्वमान्य अंदाज आहे: एका जनावरामागे रोज निदान १५ मिनिटं, त्यातली नऊ साफसफाईला आणि सहा खायला घालायला. औषधं, ड्रेसिंग, फिरवणं, फोन, यातलं काहीही त्यात धरलेलं नाही. एक कामगार आठ तासांत ३२ जनावरं करेल, तेही चहाला न थांबता. साठ जनावरांना १५ तास लागतात, म्हणजे रोज दोन माणसं पूर्णवेळ. साप्ताहिक सुट्ट्या धरल्या की तीन.

आता गणपतीत किंवा मे महिन्यात यातलं एक माणूस आठ दिवस गावी गेलं तर? पिंजरे ६०च राहतात, पण उरलेल्या दोघांतल्या एकाची सुट्टी आली की सांभाळण्याची ताकद तीसेकवर येते. त्या आठवड्यात जनावरं नाकारणारा व्यवस्थापक प्रामाणिक म्हणायचा. न नाकारता भरत राहणारा पुढच्या पंधरवड्यात आजाराची साथ ओढवून घेतो. ती कशी, ते पुढे बघू.

रिकाम्या दिसणाऱ्या पिंजऱ्यांचं आणखी एक कारण सांगतो, बाहेरच्या माणसाला ते सहसा ठाऊक नसतं. चांगल्या बांधणीचा केनेल, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, दुभागलेला असतो आणि मध्ये सरकतं दार असतं. कुत्रं एका बाजूला झोपतं, दुसऱ्या बाजूला शी-शू करतं. सफाईच्या वेळी त्याला एका भागात ढकलून दुसरा धुता येतो. न हाताळता, न बाहेर काढता, न चावून घेता. गर्दी झाली की पहिला बळी या दाराचा जातो: दार बंद करून दोन भागांत दोन कुत्री. आकड्यात जागा दुप्पट झाली, पण सफाईला आता प्रत्येक कुत्रं बाहेर ओढायला लागतं, वेळ वाढतो, ओल्या फरशीवर कुत्री बसतात आणि आजार एकाकडून दुसऱ्याकडे हाता-पायांनी जातो. म्हणून ८०-८५ टक्के भरलं की ‘भरलं’ म्हणायचं, हा शहाणपणाचा नियम आहे.

दारातली पहिली दहा मिनिटं

नवं जनावर आत येताना जे होतं त्यावर पुढचा महिना ठरतो. वजन, तापमान, फोटो, हिरड्यांचा रंग, जखमा, गोचीड, आधीच कानाला खाच आहे का (खाच म्हणजे नसबंदी झालेली). आणि उचललं कुठून, ते नेमकं. ‘अंधेरी पूर्व’ लिहिलेल्या कुत्र्याला परत कुठे सोडणार? गल्ली, बिल्डिंगचं नाव, कुठल्या गेटजवळ, तिथे खायला घालणाऱ्याचा नंबर, इतकं हवं. ही ओळ अर्धवट राहिल्यामुळे धडधाकट कुत्री महिनोन्‌महिने अडकतात.

लस दारातच टोचायची. ‘दोन दिवस बघू, तब्येत सुधारली की देऊ’ हा सल्ला पाळीव कुत्र्याच्या दवाखान्यात ठीक आहे, शेल्टरमध्ये महाग पडतो. डिस्टेंपर आणि पार्व्हो हे कुत्र्यांचे दोन जीवघेणे विषाणूजन्य आजार. त्यांची जिवंत, क्षीण केलेली लस मोठ्या कुत्र्यात काही दिवसांतच काम करू लागते. विषाणू आतल्या फरशीवर आधीच असेल तर शर्यत तासांची असते. ताप किंवा किरकोळ जखम हे सहसा लस थांबवण्याचं कारण नसतं. लस मात्र २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी. फ्रिजच्या दारात ठेवलेली, दुपारी वीज गेल्यावर गरम झालेली लस टोचली तरी वहीत ‘लस दिली’ असंच लिहिलं जातं.

पिल्लांची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड आहे. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत ती लसीलाही मारते. ती उतरते कधी, हे प्रत्येक पिल्लात वेगळं. मधल्या काळात अशी खिडकी असते की आईचं संरक्षण पार्व्होला अडवण्याइतकं उरलेलं नसतं, पण लसीला पाडण्याइतकं असतं. म्हणून शेल्टरमध्ये पिल्लांना सहाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, चार-साडेचार महिन्यांचं होईपर्यंत लस देत राहतात. एक डोस झाला म्हणून पिल्लू सुरक्षित झालं असं समजणं हीच पार्व्होच्या साथीची नेहमीची सुरुवात. गटारापाशी आईजवळ खेळणारं गुटगुटीत पिल्लू ‘बिचारं’ म्हणून शेल्टरमध्ये आणणं हा आमच्या मते सगळ्यात घातक उपकार आहे.

आल्यावर १४ दिवस वेगळं. चौदाच का? पार्व्हो आत शिरल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत दिसतो, डिस्टेंपर एक-दोन आठवडे घेतो. दोन्ही पकडायला दोन आठवडे लागतात. आणि क्वारंटाइनमध्ये सातव्या दिवशी नवं कुत्रं घातलं की सगळ्यांचे चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून. इथेही रिकामा पिंजरा दिसतो आणि तो भरता येत नाही.

रेबीजचा संशय असलेलं कुत्रं कुठल्याही वॉर्डात जात नाही. चाल लडखडणारी, खालचा जबडा लोंबणारा, आवाज बदललेला, लाळ गळणारी, कारणाशिवाय कशालाही चावणारी कुत्री एकट्याच्या बंद केनेलमध्ये, कुलूप लावून. चावा घेतलेलं पण धडधाकट दिसणारं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवतात. रेबीजमुळे लाळेतून विषाणू जात असेल तर इतक्या दिवसांत लक्षणं दिसतात आणि कुत्रं मरतं. चावलेल्या माणसानं मात्र त्या दहा दिवसांची वाट बघायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. घोट्यापाशी लागलेला एक दातही रक्त काढून गेला असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ते पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात विचारा.

फिनाईलचा भ्रम

मुंबईतल्या कुठल्याही जनावरांच्या जागेत शिरलं की फिनाईलचा वास येतो आणि आपल्याला वाटतं, स्वच्छता चांगली आहे. पार्व्हो विषाणूला या वासाची फिकीर नसते. त्याच्याभोवती स्निग्ध आवरण नसल्यामुळे फिनाईल, बरीच सुगंधी क्लीनर्स आणि हाताला चोळायचं सॅनिटायझर त्याच्यापुढे कुचकामी ठरतात. सावलीत, फरशीच्या भेगांत तो महिनोन्‌महिने टिकतो. शिवाय फिनाईल मांजरांना विषारी आहे. पंजाला लागतं, ती चाटते, आणि तिच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. मांजरांच्या खोलीत फिनाईल नकोच.

स्वस्त आणि चालणारी वस्तू म्हणजे साधं ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीवर ४ ते ५ टक्के लिहिलं असेल तर एक लिटर पाण्याला ३५-४० मिली. पण क्रम चुकला तर तेही वाया जातं, आणि तो जवळपास सगळीकडे चुकतो:

आधी शी कोरडी उचलायची, पाण्याचा पाइप लगेच मारायचा नाही. पाइपच्या जोरानं विष्ठेचे शिंतोडे शेजारच्या पिंजऱ्यात उडतात. मग साबणाच्या पाण्यानं घासायचं, कारण घाण शिल्लक असेल तर ब्लीच तिच्यातच खर्ची पडतं. साबण धुवून काढायचा. मग ब्लीच ओतून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. ही दहा मिनिटं कुणी थांबत नाही. ओतलं की लगेच वायपर फिरतो. शेवटी धुवून, वायपरनं ओढून कोरडं करायचं. जुलैमध्ये हवेतच इतका ओलावा असतो की फरशी आपोआप वाळत नाही, तिथे पंखा लागतो. ब्लीचचं पाणी रोज नवं करायचं, उन्हात आणि दिवस उलटले की त्याचा जोर जातो. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडबरोबर ते कधीच मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

कामगार कुठून सुरू करतो हेही तितकंच महत्त्वाचं. निरोगी पिल्लं पहिली, मग निरोगी मोठी, मग क्वारंटाइन, आजारी वॉर्ड सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमानं गेलं की गमबूट आणि झाडूच साथ पसरवतात. झाडू, बादली, वायपर प्रत्येक वॉर्डाचे वेगळे, दांड्याला रंगीत टेप लावून.

पावसाळ्यात यात लेप्टोची भर पडते. उरलेलं अन्न रात्रभर भांड्यात राहिलं की उंदीर येतात, उंदरांचं मूत ओल्या फरशीवर पसरतं, आणि तिथून लेप्टोचा जीवाणू, लेप्टोस्पायरा, कुत्र्यांच्या व माणसांच्या ओरखड्यांतून आत जातो. रात्रीची भांडी उचलणं हा तिथे औषधोपचाराचाच भाग आहे. कामगाराला गमबूट नसतील तर बाकी सगळं बोलणं व्यर्थ.

मांजरं

मांजरांना कुत्र्यांच्या भुंकण्यापासून लांब ठेवा, एवढं केलं तरी अर्धं काम झालं. मांजरांत सर्दीचा हर्पीस विषाणू अंगात दबून राहतो आणि ताण आला की उसळतो. म्हणून धडधाकट आलेली मांजर पाचव्या-सहाव्या दिवशी शिंकायला लागते, डोळे चिकटतात, वास येईनासा झाला की खाणं सोडते. उपचारात पिंजऱ्यात ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं येतं. किराणा दुकानातून आणलेलं बिस्किटांचं खोकं आडवं ठेवायचं, तोंड भिंतीकडे वळवून. मांजर आत लपते, वर चढूनही बसते. घाण झालं की फेकायचं. वाळूचं ट्रे आणि जेवण जितकं लांब तितकं चांगलं, आणि त्यासाठी पिंजऱ्याच्या तळाला साधारण आठ चौरस फूट जागा हवी.

नव्वद हजार कुत्री आत घातली तर?

सर्वोच्च न्यायालयात २०२५ साली भटक्या कुत्र्यांचा प्रश्न गाजला तेव्हापासून हा प्रश्न मुंबईतही नाक्यानाक्यावर विचारला जातो. ऑगस्ट २०२५च्या दुरुस्त आदेशानं नसबंदी, लसीकरण आणि जंतनाशक देऊन कुत्री मूळ जागी सोडायची पद्धत कायम ठेवली, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळून. ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशात मात्र शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री उचलून, नसबंदी-लसीकरणानंतर शेल्टरमध्ये ठेवायची आणि तिथेच परत सोडायची नाहीत, असं सांगितलं.

बाजू कुठलीही घ्या, वरचा गुणाकार मात्र सुटत नाही. जे कुत्रं बाहेर जाणारच नाही त्याचा मुक्काम दहा-बारा वर्षं. अशी रोज फक्त एक कुत्री आत आली तर १०० केनेलचं शेल्टर १०० दिवसांत भरतं, आणि मग तिथे मोडलेल्या पायाचं कुत्रं घ्यायला वर्षानुवर्षं जागा नसते. मुंबईत २०१४च्या गणनेत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री होती, २०२४च्या पाहणीत सुमारे ९१ हजार. एवढ्यांना आत घातलं तर १५ मिनिटांच्या हिशेबानं रोज २,८०० माणसं नुसत्या झाडलोटीला आणि जेवणाला. अर्धा किलो शिजवलेलं अन्न धरलं तर रोज ४५ टन. मुंबईत २,८०० माणसं मिळतील, पण ४५ टन अन्न शिजवायची आणि त्यातून निघणारी घाण टाकायची जागा कुठल्या वॉर्डात आहे, ते मागणी करणाऱ्यांनी सांगावं.

कायमचा आसरा ही कल्पना इथे नवी नाही. १८३२ साली इंग्रजांच्या कुत्री मारण्याच्या हुकमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली, आणि १८३४मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शाह यांनी मुंबई पांजरपोळ सुरू केलं. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल, १८८०च्या दशकातलं. एक जनावराला जन्मभर ठेवणारं, दुसरं बरं करून पाठवणारं. नसबंदी केंद्र ही तिसरी तऱ्हा. तिन्हींना आपण शेल्टर म्हणतो आणि तिन्हींकडून तिन्ही कामांची अपेक्षा करतो, भांडणं तिथून सुरू होतात.

नसबंदी केंद्रालाही दिवसांचाच हिशेब. आज पकडलेल्या कुत्र्याला रात्रभर उपाशी ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, नंतर निदान चार दिवस देखरेख. एका कुत्र्यामागे सहा केनेल-दिवस गेले. साठ केनेल असतील तर रोज दहा ऑपरेशनं, अकरावं नाही. ‘आकडा वाढवा’ असा दट्ट्या वरून आला आणि केनेल तेवढेच राहिले, की कात्री देखरेखीच्या दिवसांवर चालते. दुसऱ्या दिवशी सोडलेली कुत्री पावसाच्या गटारात बसते, टाका उसवतो, पोटाची आतली शिवण उघडली तर आतडं बाहेर येतं. अशी एक कुत्री गल्लीनं पाहिली की पुढची पाच वर्षं तिथले लोक डॉगव्हॅन आली की कुत्री लपवतात. पिल्लांना पाजणाऱ्या आईला उचलायचं नाही, कान कापून खाच भुलेतच करायची, आणि काढलेले अवयव मोजणीसाठी राखून ठेवायचे. केलेल्या ऑपरेशनांचा ताळा त्यावरून बघतात. २०२३च्या पशू जन्म नियंत्रण नियमांखाली हे सगळं स्थानिक संस्थेच्या देखरेखीत चालतं. मुंबईत ती जबाबदारी पालिकेच्या पशुवैद्यकीय आरोग्य विभागाची.

फोन करण्याआधी

बऱ्याच जनावरांना पिंजऱ्याची गरजच नसते. खरजेनं केस गेलेलं, लालबुंद कातडीचं कुत्रं बघून काळीज हलतं, पण ते खातंय-पितंय, रोज एकाच माणसाकडे जेवायला येतंय, तर त्याला तिथेच बरं करता येतं. फ्लुरालानर, अफोक्सोलानर या गटातली गोळी वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिली की चिकनच्या तुकड्यातून जाते. फिट्स येणाऱ्या कुत्र्याला हा गट जपून. अंदाजानं आयव्हरमेक्टिन टोचण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

मागच्या बाजूनं रक्त गळणारी, फुलकोबीसारखी गाठ दिसणारी कुत्री मुंबईत सर्रास दिसतात. समागमातून लागणारा हा कर्करोग, टीव्हीटी, बरा होणारा आहे. दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टिनचं एक इंजेक्शन, बहुधा चार ते सहा आठवडे. शिरेबाहेर एक थेंब गेला तरी मांस जळतं, म्हणून ते डॉक्टरांनीच द्यायचं. पण दर सोमवारी आणून संध्याकाळी परत सोडलं तर एकही केनेल अडत नाही.

जखमेत किडे पडले तर घाई करावी लागते. पावसाळ्यात माशीनं घातलेली अंडी दिवसभरात फुटतात. हातमोजे घालून भोवतालचे केस कापायचे, किड्यांवरची पावडर किंवा स्प्रे मारायचा, १५-२० मिनिटांनी चिमट्यानं दिसतील तेवढे काढायचे, सलाइननं जखम धुवायची, आणि हेच तीन-चार दिवस रोज. पहिल्या दिवशी सगळे निघत नाहीत, आतले दुसऱ्या दिवशी वर येतात. टर्पेंटाइन जखमेत ओतू नका, जिवंत मांस भाजतं. डोळा, कानाचं खोल छिद्र, गुदद्वार किंवा बोटभर खोल पोकळी असेल तर मात्र भरतीच करा.

भरती लागतेच अशा गोष्टी: उठता न येणं, हाड मोडणं, श्वासाला धाप, पांढऱ्या हिरड्या, लघवी अडलेला बोका (हा २४ तास थांबू शकत नाही), रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू.

फोनवर ‘इमर्जन्सी आहे, लवकर या’ यापेक्षा उपयोगी माहिती अशी: शुद्धीत आहे का, चारही पायांवर उभं राहतंय का, रक्त वाहतंय की थांबलंय, हिरड्यांचा रंग कसा, नेमकी जागा कुठली. आणि मुख्य म्हणजे, बरं झाल्यावर परत न्यायला कोण येणार. दोन आठवडे घरातल्या बाथरूममध्ये किंवा सोसायटीच्या मीटररूममध्ये ठेवायची तयारी असेल तर तेही आधीच सांगा. मोडलेल्या पायाचं ऑपरेशन दोन दिवसांत होतं, पुढचे पंधरा दिवस नुसती विश्रांती असते. ती विश्रांती कुणी घरी दिली तर शेल्टरचे पंधरा दिवस सुटतात.

नेताना जखमी कुत्र्याला हातांवर उचलू नका. जाड चादर किंवा फळी त्याच्या पाठीमागून आत सरकवायची आणि दोघांनी सपाट उचलायची. वेदनेत ओळखीचं कुत्रंही चावतं, म्हणून बँडेजची पट्टी तोंडाभोवती गुंडाळून कानांमागे बांधायची. धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधायची नाही. दूध-पाणी पाजू नका, लगेच भूल द्यावी लागली तर पोटातलं श्वासनलिकेत जातं. घरातली वेदनाशामक गोळी अजिबात नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते, आणि आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं बसतात. कुणी आधीच काही दिलं असेल तर नाव, किती दिलं आणि किती वाजता दिलं ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.